तोफगोळ्यांआधी शेड पाहून या

प्रश्न : आदरणीय ताई, सविनय जय भीम. मी २६ वर्षांचा केमिकल इंजिनिअर असून नागपुरातच वाढलो. अमरावती मार्गावरील एका खासगी कारखान्यात मला सहायक व्यवस्थापक (उत्पादन) म्हणून नोकरी मिळत आहे. तेथे लष्करासाठी आणि निर्यातीसाठी तोफगोळे व त्यांचे फ्यूज, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणारे भाग, तयार होतात. पगार आताच्या दुप्पट आहे आणि बहिणीच्या शिक्षणाचे कर्ज त्यातून फिटेल. परंतु आमचे घर बौद्ध आहे. आजी १९५६ च्या दीक्षेला उपस्थित होती. भगवान बुद्धांनी उपासकाला शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. मी बनवलेला गोळा कोणत्या देशात, कोणाच्या घरावर पडेल, या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही. मित्र म्हणतात की हे देशरक्षणाचे काम आहे. काम तसे अवघड नाही. फ्यूज जुळवणी आणि पॅकिंगच्या शेडमधील ठेकेदाराच्या चाळीसएक बाया माझ्या हाताखाली असतील आणि रोजचे टार्गेट गाठून द्यायचे आहे. होकार कळवण्याची मुदत १५ तारखेपर्यंत आहे. मी काय करावे?

उत्तर : जय भीम. तुमचे मूळ पत्र बरेच लांब होते, वर मी त्याचा गोषवारा दिला आहे. कोठल्या तरी परक्या देशातील ते घर, त्याचे छप्पर, अंगणात खेळणारी मुले हे सारे तुम्ही इतक्या तपशिलाने लिहिले आहे की तुमच्या कळवळ्याबद्दल मला शंका नाही. मात्र चाळीसएक बाया त्या सगळ्या मजकुरात एकदाच आल्या, त्याही काम अवघड नाही हे सांगण्यापुरत्या. पत्र वाचताना मी तेथेच अडले आणि मला तुमचा राग आला.

तुम्ही नागपूरचे आहात, त्यामुळे १७ डिसेंबर २०२३ हा दिवस तुम्हाला आठवत असणार. बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात त्या रविवारी सकाळी स्फोट झाला आणि नऊ कामगार जागीच गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या आणि काम पॅकिंगचे चालले होते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १३ जून २०२४ रोजी, त्याच अमरावती मार्गावर धामण्याला दुसऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि तेथेही मृतांमध्ये तरुण मुली होत्या. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जणांचे प्राण गेले. स्फोटकांच्या परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, आणि तिच्यापासून तास-दीड तासाच्या अंतरात हे सारे घडले आहे. दारूगोळ्याने माणूस मरण्यासाठी युद्ध व्हावे लागत नाही, हे नागपूर जिल्ह्यात राहणाऱ्याला मी सांगण्याची गरज पडू नये.

तो गोळा कोणत्या देशाला विकायचा, याचा निर्णय तुमच्या टेबलावर कधीही येणार नाही. निर्यातीची परवानगी केंद्र सरकार देते आणि करार मालक करतात. मात्र शेडमध्ये एका वेळी किती जणींनी बसायचे, समोर किती माल ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत किती नग निघाले पाहिजेत, हे रोज सकाळी तुम्हीच ठरवणार आहात. स्फोटकांच्या प्रत्येक इमारतीत माणसांची आणि स्फोटकांची कमाल मर्यादा ठरलेली असते आणि ती दारावर लिहिलेली असते. टार्गेट मागे पडले की पहिला ताण त्या मर्यादेवर येतो. चार बाया जास्त बसवल्या जातात, पुढच्या शेडमध्ये न्यायचा माल येथेच साठू लागतो, आत शिरताना अंगावरची स्थिर वीज उतरवण्यासाठी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा असतो तो घाईत राहून जातो. विदर्भाच्या कोरड्या हिवाळ्यात तर ही स्थिर वीज अधिकच साठते, आणि फ्यूजमधील डिटोनेटरला, म्हणजे स्फोटाची सुरुवात करणाऱ्या भागाला, तेवढी ठिणगी पुरते. हे रसायनशास्त्र तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले येते, म्हणूनच तुम्ही त्यावर एक ओळही लिहिली नाही याचे मला अधिक वाईट वाटते.

तुम्ही धम्माचा आधार घेतला आहे, तर तो पुरता घ्या. अंगुत्तर निकाय या पाली धम्मग्रंथात उपासकाने न करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यांतील दुसऱ्या व्यापाराचा अर्थ अट्ठकथेने, म्हणजे त्यावरील जुन्या पाली भाष्याने, माणसांची विक्री असा दिला आहे. तुम्ही पहिल्यापाशी थांबलात. कोंढाळी-काटोलच्या पट्ट्यातील मुली ठेकेदार डोईप्रमाणे कारखान्याला पुरवतो, त्यांची नावे कंपनीच्या हजेरीपटावर नसतात आणि एखादी दगावली तर ती आमची कामगार नव्हे असे म्हणायला जागा ठेवलेली असते. ही व्यवस्था त्या दुसऱ्या निषेधाच्या फार जवळ जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. आजी ज्या मैदानावर उभी होती तेथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत समतेची प्रतिज्ञा आहे. तुमच्या हाताखाली येणाऱ्या मुलींपैकी किती जणींच्या घरी त्याच प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या असतील, याचा विचार करा.

देशरक्षणाबद्दल मित्रांशी मी वाद घालणार नाही. सीमेवरच्या सैनिकाला तोफगोळ्याची गरज असते, आणि अंबाझरीच्या आयुध निर्माणीच्या पगारावर या शहरातील अनेक कुटुंबे सन्मानाने उभी राहिली आहेत. शस्त्रे बनवणाऱ्या प्रत्येकाला मी पापी मानत नाही. ज्याला हे काम मुळातच नको वाटते त्याने ते नाकारावे, त्यालाही माझा आदर आहे. परंतु अनोळखी माणसासाठी जागणाऱ्या आणि आपल्या हुकमाने हात चालवणाऱ्या माणसाला हिशेबात न धरणाऱ्या विवेकावर मला विसंबता येत नाही. तो विवेक घेऊन तुम्ही नोकरी नाकारलीत तरी हात स्वच्छ ठेवल्याचे समाधान तेवढे मिळेल, आणि स्वीकारलीत तर पहिल्याच महिन्यात तो टार्गेटपुढे गप्प बसेल.

म्हणून होकार किंवा नकार देण्याआधी कंपनीकडे एक मागणी करा. शेडमध्ये धोका दिसल्यास वरिष्ठांना न विचारता काम थांबवण्याचा अधिकार मला असेल, आणि त्यामुळे टार्गेट चुकल्यास माझ्यावर किंवा कामगारांच्या रोजीवर त्याचा भार येणार नाही, हे नेमणूकपत्रात लिहून मागा. तोंडी आश्वासन घेऊ नका. लिहून मिळाले तर रुजू व्हा आणि तो अधिकार वापरा. शस्त्रांविषयीचा तुमचा प्रश्न त्याने सुटणार नाही, तो तेथे काम करतानाही तुमच्यापाशी राहील आणि राहायलाच हवा. लिहून मिळाले नाही, तर दुप्पट पगार आणि बहिणीचे कर्ज दोन्ही बाजूला ठेवून नकार कळवा. कर्जाचे हप्ते तुम्ही आजही भरत आहात, ते आणखी काही वर्षे भरता येतील.

मुलाखतीच्या दिवशी तुम्हाला कार्यालय आणि कँटीन दाखवले, शेड दाखवली नाही, असे तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिले आहे. तेव्हा उद्याच दूरध्वनी करून शेड पाहण्याची वेळ मागा. सुट्टीच्या दिवशी रिकामी शेड पाहण्यात अर्थ नाही, पाळी चालू असताना जा. दारावरची मर्यादा वाचा, आतल्या बाया मोजा, आणि त्यांपैकी दोघी-तिघींशी ठेकेदाराच्या माणसाला बाजूला ठेवून बोला.