देवाचे आभार तोंडातून निघत नाहीत

नमस्कार ताई,

आम्ही मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. ह्यांच्या नोकरीमुळे गोव्यात वास्कोला आलो आणि इथेच राहिलो. गेल्या ऑगस्टमध्ये ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. खालच्या गॅरेजमधल्या दोन कन्नड मुलांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं, बांबोळीच्या इस्पितळात नेलं, जीव वाचला. आता वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. बोलणं जड आहे. नोकरी गेली. मी फार्मसीत काम करते. सकाळी ह्यांची आंघोळ, कपडे, हातापायाचे व्यायाम उरकून कामावर, रात्री परत तेच. मुलगा नववीत, मुलगी सातवीत.

सासूबाई नगरहून येऊन राहिल्या आहेत. बाई वाईट नाहीत, प्रार्थनेत त्यांचा दिवस जातो. पण उठता-बसता मला 'देवाचे उपकार मान' म्हणतात. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे वचन कागदावर लिहून फ्रिजला लावलंय. 15 ऑगस्टला घरी उपकारस्तुतीची सभा ठरली आहे. पाळक, इथली मंडळी, नगरहून दीर-जाऊ. साक्ष मी द्यायची, असं सासूबाईंनी परस्पर जाहीर केलंय.

परवा ह्यांनी डाव्या हाताने शर्टाची तीन बटणं लावली, चौथं चुकीच्या काजात गेलं. सासूबाई 'हालेलूया' म्हणाल्या, मी आत जाऊन बसले. जेवणाआधीची प्रार्थना मीच करते, पण शब्द घशात अडकतात. मुलीने विचारलं, 'मम्मी, तू देवाला थँक्यू म्हणतेस तेव्हा तुला खरंच तसं वाटतं का?' मी तिच्यावर ओरडले. खरं म्हणजे मला देवाचा राग येतो, आणि मग भीती वाटते की वाचवलंय तेवढंही तो काढून घेईल. आमच्या घरमालकीण कॅथलिक आहेत. हे इस्पितळात होते तेव्हा मुलं त्यांच्याकडेच जेवायची, झोपायची. अजूनही त्या पेजेचा टोप आणून ठेवतात आणि काही न विचारता जातात. त्यांच्यासमोर मला रडू येतं, मंडळीत येत नाही. मी अविश्वासी झाले का?

— एक सून, वास्को

*

प्रिय ताई,

15 तारखेला साक्ष द्यायला उभ्या राहू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

सगळ्याच वाचकांना ठाऊक नसेल म्हणून थोडं सांगते. मराठी ख्रिस्ती घरांत वाढदिवस, नवं घर, आजारातून उठणं अशा निमित्ताने उपकारस्तुतीची सभा ठेवतात. गीतं होतात, वचन वाचतात, पाळक बोलतात आणि घरातलं कोणीतरी उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. ती साक्ष. आमच्याकडच्या सत्यनारायणात यजमानाची यातून सुटका असते, तिथे पोथी बोलते. तुमच्याकडे माणसाला बोलावं लागतं, आणि ते खरं असावं अशी अपेक्षा असते. म्हणूनच तुम्ही अडखळताय. साक्षीची ज्याला किंमत नाही तो काहीही बोलून मोकळा झाला असता.

मी ख्रिस्ती नाही. म्हापशात वाढले, शाळा नन्सची, शेजार कॅथलिकांचा, त्यामुळे लदीन (खुरसापाशी गातात ती सामुदायिक प्रार्थना) आणि तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कानांना सवयीचे. तुमची परंपरा वेगळी आहे, आणि विश्वासाबद्दल अधिकाराने बोलायचं तर ते तुमच्या पाळकांनी. तरी तुमचं पत्र आल्यावर पवित्र शास्त्र काढून बसले, कारण पत्रातली एक ओळ मला सोडवेना. वाचवलंय तेवढंही काढून घेईल, ही.

ही भीती फक्त तुमची नाही. आमच्या म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला (सणाला) हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही तेल घेऊन रांगेत उभे असतात. त्या रांगेत भक्ती असते, तशी 'आंगवण (नवस) राहून गेली तर?' ही धाकधूकही असते. आपण सगळेच देवाशी थोडे तो सावकार असल्यासारखे वागतो. हप्ता चुकला की जप्ती येणार, असं आतून वाटत राहतं.

तुमच्याच शास्त्रात याचं उत्तर आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय काढा. दहा कुष्ठरोगी लांबूनच येशूला हाका मारतात. तो त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगतो आणि वाटेतच दहाही जण बरे होतात. आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? प्रवचनं बहुतेक इथेच थांबतात आणि त्या नऊ जणांना झोडपतात. पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा. त्या नऊ जणांचं कुष्ठ परत आलं असं एका अक्षरानेही लिहिलेलं नाही. येशूने विचारलं, त्याला वाईट वाटलं असेल, पण दिलेलं त्याने परत घेतलं नाही. मग तुमच्या नवऱ्याचा चालता झालेला पाय, तुम्ही जेवणाआधी गप्प राहिलात म्हणून, तो का काढून घेईल?

रागाचं म्हणाल तर स्तोत्रसंहितेत तो भरपूर आहे. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश गाऱ्हाण्यांची आहेत. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचं, त्यातल्या पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचा शब्दही नाही. ज्यांनी ही स्तोत्रं जपली, पिढ्यान् पिढ्या उपासनेत म्हटली, त्यांना कोणी अविश्वासी म्हणत नाही. फ्रिजवरचं वचन लिहिणाऱ्या पौलाचंही तेच. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो सरळ सांगतो की आशियात आमच्यावर असा भार पडला की आम्ही जगण्याची आशाच सोडली होती. तोच पौल रोमकरांना सांगतो की शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. सासूबाईंना हरकत नसेल तर हे वचनही फ्रिजवर लावा, पहिल्याच्या शेजारी.

आता मला पत्रात जे खुपलं त्याकडे येते.

गेलं वर्षभर त्या घरात सकाळ-संध्याकाळ उपकारस्तुती चाललेली आहे. देवाचे आभार मानून झाले, डॉक्टरांचे मानून झाले असतील. तुमचे कोणी मानले? रोज पहाटे एका जड शरीराला कुशीवर वळवणं, बाथरूममध्ये नेणं, बगलेत हात घालून उभं करणं, कपडे चढवणं, आणि मग दिवसभर काउंटरवर उभं राहून लोकांना औषधं देणं. पत्रभर तुम्ही ही सगळी कामं ओळीने लिहिलीत आणि कोणी 'दमलीस का गं' म्हणाल्याचं एकदाही लिहिलं नाहीत. तुमच्या सेवेचं श्रेय रोज तुमच्यादेखत थेट आभाळात जातंय आणि वर तुम्हालाच पावती फाडायला सांगताहेत. अशा वेळी घसा दाटणार नाही तर काय होईल? याला मी अविश्वास म्हणणार नाही. घरमालकिणीसमोर रडू येतं ते उगाच नाही. त्या घरात फक्त तिने तुमच्याकडे पाहिलंय.

सासूबाईंना मात्र मी खलनायिका करणार नाही. ज्या आईच्या मुलाची अर्धी बाजू लुळी पडली ती भेदरलेलीच असणार. उपकारस्तुती हा तिचा आधार आहे, हातातून सुटला तर कोसळेल. तुमच्यासारखीच भीती तिलाही आहे, फक्त ती मोठ्याने बोलते. म्हणून वाद घालू नका. एका दुपारी चहाला बसा आणि एवढंच सांगा: 'आई, सभा घ्या, मला हवी आहे. पण साक्ष मी देणार नाही, कारण आत्ता माझ्याकडून ती खरी होणार नाही. मी स्तोत्र वाचेन.' यावर त्या रुसतील. रुसू द्या. स्तोत्र वाचायला नको म्हणणं कुठल्याही प्रार्थनाशील बाईला जड जाईल, हे तुम्हालाही ठाऊक आहे! तेरावंच वाचा. शेवटच्या ओव्यांत ते विश्वासाकडे वळतं, त्यामुळे मंडळीला खटकणार नाही, आणि सुरुवातीचे चार प्रश्न तुम्हाला तुमच्या स्वतःच्या आवाजात विचारता येतील. पाळकांना मात्र आधी भेटून हे सांगून ठेवा. राग येतो हेही त्यांना सांगा. एकाच माणसाला सांगा, पण सांगा.

साक्ष द्यायचीच असेल तर ती तुमच्या यजमानांची आहे. शरीर त्यांचं, झटका त्यांना आला. बोलणं जड असलं तरी दोन वाक्यं ते बोलतील, आणि नाही बोलावंसं वाटलं तर तेही मान्य करा. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य गाठतं. गप्प राहणं, चिडणं, झोप न लागणं दिसत असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला. त्याला उपचार आहेत. प्रार्थना त्याच्या जोडीला चालू द्या.

आणि सभेला त्या तिघांना बोलवा. गॅरेजमधल्या दोन मुलांना आणि घरमालकिणीला. 15 ऑगस्टला कॅथलिकांचा मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण असतो, सकाळी घरमालकीण चर्चमध्ये मीसला (प्रार्थनेला) जातील, तेव्हा सभा संध्याकाळी ठेवा. गीतं मराठी, मुलं कन्नड, बाई कोंकणी, पण वास्कोत याचं कोणाला नवल वाटायला नको. तुमच्या पत्रात देवाचं नाव आलं की वाक्य अडखळतं, आणि खुर्ची उचलणारी मुलं, पेजेचा टोप आला की सरळ धावतं. जिथे आभार आपणहून येतात तिथूनच सुरू करा. 'ह्या मुलांनी जिन्यावरून उतरवलं म्हणून वेळेत पोचलो' एवढं सगळ्यांसमोर सांगितलंत तरी पुष्कळ झालं. तेवढ्याला घसा दाटला तर दाटू द्या.

जेवणाआधीच्या प्रार्थनेचं सांगते. ऑगस्टमध्ये आपल्याकडे गोव्यात कोणसांचं फेस्त, म्हणजे कणसांचा सण, असतो. रायला 5 तारखेला, ताळगावला 21 तारखेला. नव्या भाताची पहिली कणसं कापतात, आशीर्वाद देऊन इगर्जीत (चर्चमध्ये) नेतात. बाकीचं पीक तेव्हा शेतातच उभं असतं. अजून पाऊस झोडपेल, कीड लागेल, काहीही होईल. आख्ख्या शेताचे आभार कोणी मानत नाही, हातात आलेल्या मूठभर कणसांचे मानतात. आम्हा हिंदूंचं चवथीतलं (गणेशचतुर्थीतलं) नवं, म्हणजे नव्या कणसांची पूजा, तीही तशीच. तुमच्या घरात शेत अजून उभं आहे. 'आजाराबद्दल धन्यवाद', 'या परीक्षेबद्दल धन्यवाद' असली वाक्यं टेबलावरून काही दिवस काढून टाका. त्या दिवशी हातात आलेलं एखादं कणीस असेल तर ते सांगा. तीन बटणं लागली, हे सांगा. चौथं चुकलं हेही सांगा. आणि ज्या रात्री काहीच नसेल त्या रात्री तुमची प्रभूची प्रार्थना आहेच. शब्द आपले आपल्याला सापडत नसतात तेव्हासाठीच अशा पाठ प्रार्थना असतात. लदिनीत मी हे लहानपणापासून पाहिलंय. खुरसापाशी (क्रुसापाशी) सगळे मिळून गातात, मग उकडलेले चणे वाटतात, आणि कोणी कोणाला 'तुझ्या मनात आत्ता काय आहे' असं विचारत नाही. काही संध्याकाळी माणसाला तेवढंच झेपतं.

मुलीकडे मात्र परत जा, आजच. तिने विचारलेला प्रश्न चांगला होता. तिला सांगा, 'नेहमी नाही वाटत. कधीकधी मला देवाचा राग येतो, आणि तेही मी त्यालाच सांगते.' बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे कळतं. आई खोटं बोलते हेही कळतं, ते तिने तुम्हाला दाखवूनच दिलंय. मुलांना रोज पाळीपाळीने आभार मानायला लावू नका, त्यांना गप्प बसायची मुभा द्या. मुलाबद्दल तुम्ही पत्रात इयत्तेपलीकडे काही लिहिलेलं नाही. नववीतला मुलगा वर्षभर गप्प असेल तर त्याच्याकडेही बघायला हवं.

राहता राहिले दीर-जाऊ. सभा आटोपून ते नगरला परततील, 'देव बघेल' म्हणतील आणि फोन करत राहतील. ते निघण्याआधी, पाळक समोर असतानाच, कामं वाटून घ्या. फिजिओथेरपीचा खर्च कोण देणार? सासूबाई इथे आहेत म्हणून घर सांभाळलं जातंय, पण उचल-ठेव त्यांच्या वयाला झेपणारी नाही. त्यासाठी रोज सकाळी दोन तास माणूस ठेवायचा तर पगार कोणाचा? दिवाळीच्या सुट्टीत दीर आठवडाभर येऊन भावाची आंघोळ-कपडे करतील का, म्हणजे तुम्ही मुलांना घेऊन माहेरी जाल? इथल्या मंडळीतल्या कोणाकडे गाडी असेल तर आठवड्यातली एक फेरी त्याच्याकडे द्या. मागायला संकोच वाटेल, तरी मागा. बघ्यांची उपकारस्तुती करायला तुम्ही बांधील नाही.

फार्मसीत बीपीचं मशीन असेलच. उद्या जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या दंडाला लावा, आणि आकडा सासूबाईंना सांगा. सभेच्या दिवशीचा चहा-नाश्ता जाऊबाई बघतील.