वाचकांचे प्रश्न : शालेय वयातला फ्रान्स आणि तिथली संग्रहालये

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून शाळेत फ्रेंच शिकते. विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या उपक्रमातून पुढच्या वर्षी तिला फ्रान्समधील एका कुटुंबात काही आठवडे राहण्याची संधी मिळते आहे. या वयातल्या मुलांना संग्रहालये आणि जुन्या वास्तू पाहून खरोखर काही समजते का, की एवढा खर्च छायाचित्रांपुरताच उरतो? आपणही या वयात तिकडे गेला होतात, असे या सदरात वाचल्याचे आठवते. आपल्या मनात काय टिकून राहिले? (एक पालक, नाशिक)

उत्तर : नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुण्यातील आमच्या शाळेने फ्रेंच शिकणाऱ्या काही मुलामुलींना नॉर्मंडीतील रूआँ या शहरी पाठवले, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तिथून पॅरिस आगगाडीने दीड तासाच्या आत येते, तरीही आमच्या शिक्षिकांनी सुरुवातीचे सगळे दिवस रूआँमध्येच ठेवले आणि पॅरिस अगदी शेवटी घेतले. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर या नियोजनातच आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

यजमान घरची मुलगी माझ्याच वयाची होती आणि तिची शाळेची वाट कॅथेड्रलसमोरच्या चौकातून जात असे. त्यामुळे तो प्रचंड, कोरीव दर्शनी भाग मी रोज जाता-येता पाहत होते. तो पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, म्हणून सकाळी सगळे कोरीवकाम निळसर सावलीत बुडालेले असते, दुपार कलली की ऊन त्यावर चढते आणि तोच दगड पिवळा, कधी गुलाबी दिसू लागतो. पावसाळी दिवशी मात्र सकाळ-संध्याकाळ एकच करडा रंग राहतो. हे मला कोणी शिकवले नव्हते, रोजच्या येण्याजाण्यातून ते आपोआप लक्षात आले होते. त्यानंतर एका बुधवारी, तिकडे बुधवारी दुपारी शाळा नसते, आम्हांला शहराच्या कलासंग्रहालयात नेले आणि तिथे क्लोद मोनेने रंगवलेले ते कॅथेड्रल समोर आले. मोनेने १८९२ आणि १८९३ मध्ये त्याच चौकासमोर भाड्याने घेतलेल्या खोल्यांतून या एकाच दर्शनी भागाची तीसच्या आसपास चित्रे रंगवायला घेतली होती. उजेड बदलला की तो हातातला फलक बाजूला ठेवी आणि त्या उजेडाचा दुसरा फलक पुढे घेई. पुढे जिव्हेर्नीच्या आपल्या चित्रशाळेत त्याने ही चित्रे पूर्ण केली आणि १८९५ मध्ये त्यांतली वीस पॅरिसमध्ये मांडली. दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम), म्हणजे त्या क्षणीचा उजेड रंगवणारी मोनेची ही चित्रशैली काय आहे, हे पाठ्यपुस्तकातून मला मुळीच उमगले नसते, पण त्या चित्रापुढे उभी राहिल्यावर हा ढगाळ दिवस आहे, हे मी कोणी सांगण्याच्या आधी ओळखले. त्या क्षणी झालेला आनंद मला आजही मोलाचा वाटतो.

पॅरिसला गेलो तेव्हा रूआँची गाडी साँ-लाझार स्थानकात थांबली. मोनेने १८७७ मध्ये याच स्थानकाची, वाफेने भरलेल्या त्याच्या छपराची, अनेक चित्रे केली होती आणि त्यांतले एक आम्ही त्याच दिवशी ओर्से संग्रहालयात पाहिले. ओर्से स्वतःही १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले रेल्वेस्थानकच आहे; १९८६ मध्ये त्याचे संग्रहालय झाले. तिथे आमच्या कॅथेड्रलची पाच चित्रे होती, आणि आमच्या गटातली मुले ‘हे सकाळचे, हे उन्हातले’ असे एकमेकांना दाखवत त्यांच्यापुढून हलायला तयार नव्हती. त्याच संग्रहालयात मिलेचे शेतात सरवा वेचणाऱ्या बायकांचे १८५७ मधील चित्र आहे, ते मला मराठवाड्यातील आजोळच्या सुगीमुळे जवळचे वाटले.

आणखी एक आठवण संग्रहालयातली नाही, तरी ती सांगायलाच हवी. रूआँच्या ज्या जुन्या बाजारचौकात १४३१ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेल्या जोन ऑफ आर्क या फ्रेंच तरुणीला जाळण्यात आले, तिथे १९७९ मध्ये पूर्ण झालेले एक आधुनिक चर्च आहे आणि त्याच्या एका भिंतीत सोळाव्या शतकातील रंगीत काचांच्या खिडक्या बसवलेल्या आहेत. त्या काचा मूळच्या साँ-व्हँसाँ नावाच्या दुसऱ्या चर्चच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्या काढून सुरक्षित ठेवल्या गेल्या, १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत ते चर्च उद्ध्वस्त झाले आणि काचा तेवढ्या वाचल्या. यजमान घरच्या आजींनी ते हल्ले लहानपणी अनुभवले होते आणि त्यांनीच मला हाताला धरून त्या खिडक्या दाखवल्या. त्यांचे निम्मे फ्रेंच मला कळत नव्हते, पण शहर आपल्या वस्तू कशासाठी सांभाळते, हे मात्र कळत होते.

म्हणून आपल्या मुलीला समजेल का, ही काळजी आपण करू नये. तिला कोणत्या शहरात राहायचे आहे ते विचारून घ्यावे, त्या शहरातल्या एखाद्या वास्तूची किंवा चित्रकाराची माहिती तिने निघण्यापूर्वी मराठीतून वाचावी आणि तिथे गेल्यावर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहण्याची मोकळीक तिला मिळावी. आठवडाभरात पाच शहरे दाखवणाऱ्या सहलीपेक्षा एका घरातले वास्तव्य या वयाला कितीतरी अधिक देते, असे माझे ठाम मत आहे. खर्चाचे म्हणाल, तर फ्रान्समधील राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम संग्रहाला अठरा वर्षांखालील सर्वांना प्रवेश विनामूल्य असतो. वयाचा पुरावा म्हणून पारपत्र जवळ असले म्हणजे झाले.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमचा गट पॅरिसमध्ये दोनच दिवस असेल आणि त्यांत लूव्रसाठी एक सकाळ आहे. मोनालिसा पाहून लोकांची निराशा होते, असे सगळे सांगतात. मग लूव्रमध्ये नेमके काय पाहावे? (एक विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : मोनालिसा जरूर पाहा, पण आधी तिचे माप लक्षात ठेव : ते चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे, जाड काचेमागे आहे आणि त्याच्यापुढे नेहमी गर्दी असते. लिओनार्दोने ओठांच्या नि डोळ्यांच्या कडा छायेत कशा विरघळवल्या आहेत, हे त्या अंतरावरून फारसे दिसत नाही, म्हणून ते छापील चित्रात आधीच पाहून जा. तिच्यासमोर उभा राहिलास की मागे वळ. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेने १५६३ मध्ये पूर्ण केलेले बायबलमधील काना गावच्या लग्नाच्या मेजवानीचे चित्र आहे, ते सुमारे पावणेसात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद, म्हणजे लूव्रमधले सर्वांत मोठे चित्र आहे. व्हेनिसमधील एका मठाच्या भोजनगृहासाठी ते रंगवले गेले आणि १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते तिथून आणले. शंभराहून अधिक माणसे, वादक, कुत्री, भांडी, संगमरवरी खांब असे सगळे त्यात आहे, आणि बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या मनात मात्र लूव्र म्हटले की जिना उभा राहतो. दारू नावाच्या त्या रुंद जिन्याच्या माथ्यावर सॅमोथ्रेसची पंख पसरलेली विजयदेवता आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १९० मधले हे शिल्प १८६३ मध्ये तुकड्यांच्या रूपात सापडले. तिला डोके नाही, हात नाहीत, पण ती जहाजाच्या पुढच्या टोकावर उतरते आहे आणि समोरून येणारा वारा तिच्या वस्त्रात शिरला आहे, हे दगडातून दिसते. खालच्या पायरीवरून, मधून आणि अगदी बाजूने अशी तीन ठिकाणांहून ती पाहा. मी तिथे पायरीवर वही घेऊन बसले होते आणि शेजारी फ्रेंच शाळेतली लहान मुले जमिनीवर बसून पेन्सिलीने तेच पंख काढत होती. मोठ्या संग्रहालयात मुलांनी जमिनीवर बसून चित्र काढणे तिथे अगदी स्वाभाविक मानले जाते, तेव्हा तूही संकोच करू नकोस.

वेळ उरला तर दोन ठिकाणे सांगते. रिशल्यू विभागात हम्मुराबीच्या कायद्यांचा काळ्या दगडाचा सव्वादोन मीटर उंच स्तंभ आहे. आम्ही गेलो त्याच्या थोडे आधी, १९९३ मध्ये, अर्थमंत्रालय हलवून तो विभाग लोकांसाठी खुला झाला होता. दुसरे ठिकाण सुली विभागाच्या तळघरात आहे : बाराव्या शतकाच्या अखेरीस फिलिप ऑगस्ट राजाने बांधायला घेतलेल्या किल्ल्याच्या पायाच्या भिंती. गडकोट पाहत वाढलेल्या मुलांना तो खंदक आणि ते बुरूज लगेच वाचता येतात. मंगळवारी लूव्र बंद असते, आणि प्रवेश विनामूल्य असला तरी वेळ आधी आरक्षित करावी.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. मुलगा फ्रेंच कुटुंबात राहणार आहे. जेवणाचे आणि वागण्याचे काय सांगून पाठवावे? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : शाकाहाराची कल्पना यजमानांना लेखी आणि नेमकी द्यावी, कारण मासे आणि मांसाच्या रसातले सूप काही जणांना शाकाहारात चालतात, असा तिकडे पुष्कळांचा समज असतो. कामांबेर, रोकफोरसारख्या अनेक परंपरागत चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले विरजण वापरतात, हेही आपल्याला ठाऊक असावे आणि त्याबाबतचा निर्णय घरीच घेऊन ठेवावा.

रात्रीचे जेवण एकत्र बसून, एकामागून एक पदार्थ वाढत, गप्पांसह होते. सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, मग चीज आणि शेवटी गोड. फ्रेंच भोजनाच्या या पद्धतीची २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात नोंद झाली आहे. सर्वांना वाढून होईपर्यंत खायला सुरुवात करू नये, आणि पाव ताटात न ठेवता ताटाशेजारी टेबलावर ठेवला तरी ते शिष्टाचाराला धरूनच असते. दुकानात शिरताना आधी ‘बाँझूर’ म्हणावे, मग हवे ते मागावे. हे न करणारा माणूस तिथे उद्धट ठरतो. माझे बोली फ्रेंच वर्गापेक्षा त्या जेवणाच्या टेबलावरच सुधारले, म्हणून आपल्या मुलाने लवकर उठून खोलीत जाऊ नये, एवढे त्याला आग्रहाने सांगावे.

एखाद्या दिवशी त्याने यजमानांसाठी आपल्याकडचे काही रांधावे. मी कांदेपोहे केले होते, आणि त्या घराने ते सुरुवातीचा पदार्थ म्हणून, सुरी-काट्याने, मोठ्या आस्थेने खाल्ले. पोहे, शेंगदाण्याची चटणी, चिक्की असे बंद पाकिटातले पदार्थ नेता येतात. दुधाचे पदार्थ प्रवाशांनी युरोपीय संघात आणण्यास मात्र मनाई आहे, त्यामुळे पेढे, बर्फी आणि खवा घातलेले काहीही सामानात ठेवू नये.