आधी बूड पाहावे

मडगाव

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र, त्यातला सहा पेल्यांच्या संचाविषयीचा प्रश्न आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. जुने मद्यचषक आणि बारमधील शोभेच्या वस्तू जमवण्याचा छंद तू मनावर घेतला आहेस, याचा आनंद वाटला. मात्र छायाचित्रांतला प्रत्येक प्याला तू समोरून टिपला आहेस आणि एकाचेही बूड दिसत नाही, म्हणून मला अगदी मुळापासून लिहावे लागत आहे. चांदीवर शिक्का असतो, चिनी मातीच्या बशीखाली कारखान्याचे नाव असते, जुन्या काचेवर मात्र बहुधा काहीच नसते. त्यामुळे काचेच्या बाबतीत साक्ष दोनच गोष्टींची धरायची: घडवताना वस्तूवर राहिलेल्या खुणांची आणि ती ज्या घरातून आली त्या घराकडून मिळालेल्या माहितीची.

फुंकून घडवलेला प्याला कारागीर लोखंडी सळईला चिकटवून धरतो आणि काम संपल्यावर झटक्याने सोडवतो, तेव्हा बुडाच्या मध्यभागी खडबडीत व्रण राहतो. उंची मालात हा व्रण घासून काढलेला असतो आणि त्या जागी अंगठ्याला उथळ, गुळगुळीत खळगा लागतो. साच्यात दाबून घडवलेली काच 1820च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली. तिच्यावर साच्याच्या सांध्याची बारीक उभी रेघ सापडते, आणि कापीव काचेची नक्कल असेल तर नक्षीच्या कडा बोथट लागतात. खऱ्या कापीव काचेची कड बोटाला टोचते. विक्रेता काय सांगतो ते ऐकून घे, पण तेवढ्या वेळात बोट नक्षीवरून फिरवायला विसरू नकोस.

बुडावरची झीजही भिंगातून पाहावी. प्याला वर्षानुवर्षे टेबलावर ठेवला, उचलला, सरकवला गेला की टेकणाऱ्या कडेवर सर्व दिशांनी जाणारे, कमीजास्त खोलीचे बारीक ओरखडे पडतात. सारे ओरखडे एकाच दिशेने आणि एकसारखे असतील, तर ते काम पॉलिश पेपरचे आहे असे समजावे. बूड झिजलेले, पण ओठ लागणाऱ्या काठावरची सोनेरी रेघ मात्र काल ओढल्यासारखी, असा प्याला मी तरी हातचा खाली ठेवतो. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली हिरवी चमकणारी युरेनियमची काच पाहून हुरळून जाऊ नकोस. ती 1830च्या दशकापासून बोहेमियात बनत होती हे खरे, परंतु ती नंतरही बनत राहिली, त्यामुळे चमक हा वयाचा पुरावा ठरत नाही.

परदेशी संग्राहकांत अमेरिकेतील दारूबंदीपूर्वीच्या, म्हणजे 1920च्या आधीच्या, जाहिरातीच्या प्याल्यांना मोठा मान आहे. व्हिस्कीचे व्यापारी आपले नाव कोरलेले ते पातळ काचेचे प्याले गिऱ्हाइकांना भेट देत. जाड बुडाचा जो प्याला आज आपण ओळखतो, तो दारूबंदी उठल्यानंतर, 1933च्या पुढे सर्वत्र झाला. असे पातळ प्याले हणजूणच्या बुधवारच्या बाजारात कुणी ओळीने मांडले असतील, तर ते नकली समजावेत आणि तिथे भाव विचारण्यातही वेळ घालवू नये.

मुळात दुसऱ्यांच्या मागे धावण्याची तुला गरज नाही, कारण गोव्याच्या घरांत जे आहे ते अन्यत्र सहसा मिळत नाही. 1955च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, पण पोर्तुगीज राजवटीत परदेशी मालाची आयात चालूच राहिली आणि खाणींच्या पैशाने ती वाढली. म्हणून सासष्टी-बार्देशातल्या कपाटांत पोर्तुगालच्या मारीन्या ग्रांदचे काचसामान, जपानी लिकरचे पेले, जर्मन डिकँटर (मद्य ओतून ठेवायच्या काचेच्या सुरया) अजून सापडतात. खाली चिकटलेला कागदी लेबलाचा तुकडाही उपयोगी पडतो: ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर वस्तू 1952पर्यंतची, ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 नंतरची. ही काच शंभर वर्षांची नाही, म्हणून तिला कमी लेखू नकोस. पुढे तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, पेट्या आहेत. ब्रिटिश आगबोटींवर स्टुअर्ड आणि खानसामे म्हणून असंख्य गोमंतकीय नोकरीला होते, आणि कंपनीचे चिन्ह उमटवलेली पेगची मापे, बर्फाचे चिमटे, मुलाम्याचे ट्रे त्यांच्या घरांत दिसतात. अशा वस्तूखाली ‘ईपीएनएस’ ही अक्षरे असतील तर ती चांदी नव्हे, निकेल मिश्रधातूवरचा चांदीचा मुलामा होय. फेणीचा गराफांव, म्हणजे वेताच्या विणीने मढवलेली मोठी काचेची बाटली, हाही संग्रहात हवा, मात्र जागा पाहून. खोलीचा निम्मा कोपरा तो एकटाच अडवतो.

आता दुसऱ्या साक्षीविषयी. वारस लिस्बनला, लंडनला किंवा मुंबईला स्थायिक झालेले असतात, घर विकायला निघते आणि कपाटातले सगळे एका खोक्यात भरून भंगारवाल्याकडे जाते. त्या क्षणी काच शिल्लक राहते, पण ती कुणी आणली, कोणत्या बंदरातून, लग्नात की नाताळात वापरली जाई, हे कायमचे पुसले जाते. म्हणून वस्तू घेताना घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे, विचारावे, आणि त्याच दिवशी वहीत गाव, वाडा, सांगणाऱ्याचे नाते, किंमत आणि मापे लिहून काढावीत. प्याल्यात किती मिली मावते तेही मोजावे, कारण जुने माप आजच्या तीस मिलीच्या पेगशी जुळतेच असे नाही. काही जुन्या प्याल्यांची काच मुद्दाम इतकी जाड ठेवलेली असे की भरलेला दिसूनही आत जेमतेम घोटभर मावे. दरवेळी शुभेच्छा देत उठणाऱ्या यजमानाची शुद्ध टिकावी, ही त्यामागची सोय. (आपल्या तावेर्नवाल्यांना, म्हणजे दारूच्या गुत्तेवाल्यांना, ही युक्ती कुणी शिकवली नसेल, असे मला वाटत नाही.) वहीतले आकडे आणि प्याल्यावरचा क्रमांक जुळत राहिला पाहिजे, क्रमांक पेन्सिलीने छोट्या कागदावर लिहून आत ठेवावा, काचेवर डिंक लावू नये.

पावसाळ्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर बंद कपाटात ओल धरते, आणि काही जुन्या काचा तिने खरोखरच आजारी पडतात, म्हणजे पृष्ठभाग घामेजल्यासारखा होऊन त्यावर सूक्ष्म भेगा पडतात. दारे थोडी उघडी ठेवावीत, सिलिका जेल वेळोवेळी वाळवावे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नये. पांढुरके डाग पाण्याच्या क्षाराचे असतील तर व्हिनेगरने जातात. त्याने गेले नाहीत तर काचच खराब झाली आहे, घासत बसू नये. सोनेरी कामाला डिशवॉशर कधीही दाखवू नये. शिशाच्या स्फटिककाचेच्या डिकँटरमध्ये फेणी किंवा वाइन साठवून ठेवू नये, कारण शिसे हळूहळू मद्यात उतरते. पाहुण्यांसमोर ओतण्यापुरते वापरण्यास हरकत नाही.

कायद्याची एकच गोष्ट सांगतो. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या मित्राला प्याला भेट पाठवण्याआधी, तो पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा.

तू विचारलेल्या सहा पेल्यांच्या संचाविषयी माझे मत असे की विक्रेत्याला सहाही उलटे ठेवायला सांग, प्रत्येकाच्या बुडाचे आणि काठाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढून मला पाठव. छायाचित्रात निदान दोघांची उंची जुळताना दिसत नाही; हाताने फुंकलेल्या संचात तसा थोडा फरक असतोच, पण साच्यातला माल असेल तर संच जुळवाजुळवीचा आहे. तोपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा हितचिंतक