नदीला भिंती घातल्या, मग गाळातलं विष गेलं कुठे?

प्रश्न : कन्हान सातपुड्यातून येते. डोंगरी नदीत घाण टिकत नाही, वाहून जाते, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग अशी नदी सरळ करून दोन्ही काठांना भिंती बांधल्या, तर पाणी आणखी जोरात वाहून ती स्वच्छच होईल ना? दुसरं, नदीतून काढलेला गाळ वावरात टाकला तर चालेल का?
— एक शेतकरी वाचक, कुही तालुका, जि. नागपूर

उत्तर : वाहून जाते हे खरं. पण जाते कुठे, हे तुम्ही कुहीकरांनी विचारायलाच हवं. नागपूरचं जे वाहून जातं, ते तुमच्याच बाजूला येतं.

आधी गाळाबद्दल. शिसं, तांबं, जस्त, जुनी डीडीटीसारखी कीटकनाशकं यांचा बराचसा भाग पाण्यात विरघळलेला नसतो, मातीच्या बारीक कणांना चिकटलेला असतो. प्रयोगशाळेत आम्ही गाळ ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायचो. खाली उतरलेल्या भागात धातू भरपूर, वर उरलेल्या वाळूत कमी. घरी काचेच्या बरणीत मूठभर गाळ आणि पाणी घालून हलवून बघा. वाळू लगेच तळाला बसते, गढूळपणा मात्र दुसऱ्या दिवशीही पुरता जात नाही. विष त्या गढूळपणात असतं, आणि पाणी मंद झाल्याशिवाय ते खाली बसत नाही.

मोकळी डोंगरी नदी दोन-चार धारांत फुटते, गोट्यांची बेटं करते, अडकलेल्या ओंडक्यांना वळसा घालते, पुरात काठावर चढते. प्रत्येक आडोशाला थोडा बारीक गाळ बसतो. तिला भिंतींमध्ये कोंडलं की वेग वाढतो, पात्र खोल कापत जातं आणि गाळाला बसायला जागा उरत नाही. तेवढ्याच टप्प्यात नमुना घेतला तर नदी स्वच्छ भासेल, आणि फसगत होते ती इथेच. शिवाय पात्र खोल गेल्यावर काठावरची जुनी गाळाची जमीन पुराच्या आवाक्याबाहेर उरते. तिच्यातलं विष कित्येक वर्षं तिथेच पडून राहतं. पुढे काठ ढासळला, किंवा नदी मोकळी करायची म्हणून भिंत काढली, की ते पुन्हा पाण्यात येतं. नदी मोकळी करावीच, माझं मत तेच आहे, पण काठ खणून तपासल्यावर.

सगळी बांधकामं गाळ पुढेच ढकलतात असंही नाही. आल्प्समधून येणाऱ्या ऱ्होन नदीत फ्रान्समध्ये १९व्या शतकात नौकानयनासाठी काठालगत बांध घातले. त्या बांधांमधले कप्पे बारीक गाळाने भरले, आणि त्यात पुढच्या काळातले धातू व पीसीबी ही कारखान्यांतली विषारी रसायनं साठली.

मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते अमेरिकेतल्या माँटाना राज्याचं. ब्यूटच्या तांब्याच्या खाणींचा कचरा क्लार्क फोर्क नदीत यायचा. खाली मिलटाउनला धरण झालं आणि १९०८च्या महापुराने वरचा कचरा आणून त्याच्यामागे टाकला. १९८१ साली गावच्या विहिरींत आर्सेनिक सापडलं. तळाच्या गाळात प्राणवायू संपला की लोहाच्या संयुगांना धरून बसलेलं आर्सेनिक सुटतं आणि भूजलात उतरतं. शेवटी सर्वांत दूषित गाळ रेल्वेने हलवावा लागला आणि २००८ मध्ये धरण फोडलं.

नागपूरची नाग काही डोंगरी नदी नव्हे, पण नियम तोच. शहरात तिला भिंती आहेत, तिचं पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत जातं आणि गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात मंद होतं. शहराने सोडलेला बारीक गाळ तिथे बसणार.

आता तुमच्या वावराचं. ज्या तलावाला फक्त जंगल आणि शेतांचं पाणी येतं, त्याचा गाळ ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत खुशाल न्या. पण दर उन्हाळ्यात पोकलेन लावून नाग, पिवळी, पोहरा नद्यांतून काढतात तो गाळ तपासल्याशिवाय वावरात नको. मृदा आरोग्य पत्रिकेवर भिस्त ठेवू नका, तिच्यात जस्त आणि तांबं असतं, शिसं आणि कॅडमियम नसतं. प्रयोगशाळेत ते वेगळं मागून घ्या, क्रोमियमही सांगा. नमुना वरच्या थराचा वेगळा आणि हातभर खालचा वेगळा द्या, कारण दोन्ही थर वेगवेगळ्या वर्षांचे असतात. आणि पालक-मेथी लावायची असेल, तर अहवाल हाती येईपर्यंत एक घमेलंही टाकू नका. कॅडमियम पालेभाज्यांत फार सहज चढतं.