डिस्क गोल्फच्या साप्ताहिक लीगसाठी हँडिकॅप कसा काढायचा?

बारा जण दर शनिवारी 18 बास्केटच्या एकाच कोर्सवर खेळता आणि आलटून पालटून तेच दोघे जिंकतात, असं तुम्ही लिहिलंय. डिस्क गोल्फमध्ये चकती कमीत कमी थ्रोंमध्ये बास्केटमध्ये टाकायची असते, म्हणजे कमी स्कोअर चांगला; हँडिकॅप म्हणजे सामना बरोबरीचा व्हावा म्हणून स्कोअरमधून वजा करायची सवलत. एवढ्याला साधी वहीसुद्धा पुरते.

प्रत्येकाचे शेवटचे पाच राउंड घ्या, सर्वांत वाईट गाळा, उरलेल्या चारांची सरासरी काढा. त्यातून कोर्सचा आधार-आकडा (ज्याच्याशी सगळ्यांचे स्कोअर ताडायचे तो) वजा करून 0.8 ने गुणा. समजा स्कोअर 63, 60, 66, 61, 70 आहेत. 70 गेला, सरासरी 62.5. आधार 50, फरक 12.5, हँडिकॅप 10. शनिवारी 64 थ्रो लागले तर निव्वळ 54. एक दशांश ठेवाच, नाहीतर बरोबरीच फार होते.

0.8 का? नवख्याचा स्कोअर 58 ते 72 असा कुठेही जातो, मुरलेला 50 ते 54 मध्येच फिरतो. पूर्ण फरक दिला तर चार-पाच नवख्यांपैकी एखाद्याचा दिवस चांगला जाणारच, आणि मुरलेल्याला जिंकायला जागाच उरत नाही.

आधार 50 धरायचा की पार (कोर्सची ठरलेली अपेक्षित थ्रोसंख्या) 54, यावर लोक तासभर भांडतात. बास्केटची मांडणी एकच असेल तर वाद फुकटचा आहे: आधार 4 ने वाढवला की सगळ्यांचाच हँडिकॅप 3.2 ने उतरतो, निकाल तोच. फक्त 54 धरलं तर 50 सरासरीवाल्याचा हँडिकॅप उणे 3.2 येतो, म्हणजे त्याच्या स्कोअरमध्ये 3.2 मिळवायचे. घाईत हटकून वजा केले जातात.

खरी गडबड बास्केट हलवल्यावर होते. तेव्हा स्कोअरची सरासरी काढू नका. प्रत्येक राउंडमधून त्या मांडणीचा आधार वजा करून मग फरकांची सरासरी घ्या. नव्या मांडणीचा आधार नियमित खेळाडूंवरून काढा: प्रत्येकाच्या त्या दिवसाच्या स्कोअरमधून त्याचा नेहमीचा फरक वजा करा आणि उत्तरांची सरासरी घ्या, निदान पाच जणांची. इथे पाचही राउंडचा फरक लागतो, 0.8 न लावलेला. वरच्या खेळाडूचा तो 14 आहे, 10 नव्हे. सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवशीही हीच युक्ती चालते.

कुणाकडे पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) या संघटनेचं रेटिंग असेल तर सुरुवातीला ते वापरा. 1000 म्हणजे स्क्रॅच, म्हणजे हँडिकॅप न लागणारा खेळाडू. स्क्रॅच स्कोअर 50 च्या आसपास असलेल्या कोर्सवर साधारण 10 गुण म्हणजे एक थ्रो. 920 आणि 960 मध्ये चार थ्रो. कोर्स लांबलचक असेल तर एका थ्रोला 10 पेक्षा कमी गुण पडतात.

नवीन माणसाला तीन राउंड होईपर्यंत खेळू द्या, बक्षिसात धरू नका. अर्धवट सोडलेला राउंड मोजू नका. आणि त्या दिवसाचे हँडिकॅप पहिल्या थ्रोआधी जाहीर करा; त्याच दिवसाचा स्कोअर धरून काढले तर चांगलं खेळणाऱ्याचाच हँडिकॅप घटतो.