आधी वेळ माग

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी एक्सेलमधली यादी काल रात्री उघडून बघितली. संशोधनासाठी अनुदान आणि फेलोशिप देणाऱ्या एकोणतीस योजना, प्रत्येकीपुढे शेवटची तारीख, रक्कम, वयाची अट. मेहनत दिसते. पण शेवटच्या रकान्यात तू 'प्रस्तावित विषय' लिहिलेस, तिथे मला राहवेना. एका ओळीत 'भारतीय ज्ञान परंपरा आणि ग्रामीण हिशेबपद्धती', दुसरीत 'महिला सक्षमीकरण आणि पतपुरवठा', तिसरीत 'शाश्वत विकास'. आणि ज्या विषयासाठी तीन वर्षांपूर्वी तू माझ्या ओसरीवर दुपारभर बसली होतीस, तो या एकोणतीस ओळींत कुठेच नाही.

तो विषय मला पाठ आहे. १८७५ साली पुणे आणि नगर भागात कर्जदार कुळांनी सावकारांचे रोखे काढून जाळले. त्यानंतर १८७९ साली सरकारनं दख्खन शेतकरी मदत कायदा केला आणि सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चारच जिल्ह्यांना लावला. खानदेश बाहेर राहिला. तू मला विचारलंस, ''मॅडम, मग कायद्याच्या बाहेर राहिलेल्या आमच्या भागात सावकारानं कुळाला कोणत्या दरानं दिलं?'' आणि पिशवीतून हिशेबाची एक चोपडी काढलीस. लाल कापडी बांधणी, कोपरे झिजलेले, वरती 'श्री', डावीकडे जमा, उजवीकडे नावे, सगळं मोडी लिपीत. पानांत कसर लागलेली. तुमच्या गावच्या जुन्या पेढीच्या माळ्यावर अशा सतरा आहेत म्हणालीस. मी त्या रात्री झोपले नाही. इतका नेमका प्रश्न मला माझ्या सगळ्या नोकरीत सुचला नव्हता.

आता तू विचारतेस, ''यातल्या कोणत्या योजनेत अनुदान मिळण्याची शक्यता जास्त?'' तुला पैशाची अडचण आहे असं तू धरून चालली आहेस. जरा हिशेब कर. चोपड्या तुझ्याच तालुक्यात आहेत. मोडी तुला येते. फोटो काढायला फोन आहे. पुण्याच्या पुरालेखागारात चार-पाच खेपा आणि मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात दोन-तीन. एसटी, लॉज, जेवण, झेरॉक्स. हे तू पगारातून करू शकतेस आणि करतेच आहेस.

नाहीत ते सलग दिवस. आठवड्याचे सोळा तास वर्गात, वर कॉलेजाच्या मूल्यांकनाच्या, नॅकच्या फायली, परीक्षेचं पर्यवेक्षण, एनएसएसचं शिबिर, निवडणुकीची ड्यूटी. मोडी वाचणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते, ती तुला मी सांगायला नको: पहिल्या दिवशी एका पानाला सकाळ जाते. आठ-दहा दिवस रोज बसलं की त्या दिवाणजीचा हात ओळखीचा होतो. तो कुठे लेखणी उचलत नाही, 'रुपये' कसा गुंडाळतो, घाईत असला की काय गाळतो, हे कळायला लागतं. मग दिवसाला दहा पानं होतात. आणि मध्ये तीन आठवडे खंड पडला की तो हात पुन्हा परका होतो. तुझी तीन वर्षं अशीच गेली आहेत. दर सुट्टीत तू पहिल्या दिवसापासून सुरुवात करतेस.

म्हणून, वेळ माग. पैसे मागू नकोस, वेळ माग. कोणतीही योजना समोर आली की पहिला प्रश्न हा विचार: ही मला वर्गातून, फायलींतून किती महिने मोकळं करते? जी करत नाही, तिच्या रकमेकडे बघूही नकोस.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मला विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा लघु संशोधन प्रकल्प मिळाला तेव्हा कॉलेजात पेढे वाटले होते. उपकरणं, पुस्तकं, प्रवास, आकस्मिक खर्च, टंकलेखन असे रकाने होते. मी आनंदानं भरले. प्रिंटर आला, कपाट आलं. वेळेसाठी रकानाच नव्हता आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. तास तेवढेच राहिले, वर हिशेबाचं काम वाढलं. गावोगाव फिरताना जीपवाल्यांनी पावत्या दिल्या नव्हत्या. सातशे चाळीस रुपयांचा मेळ लागेना. त्या सातशे चाळीस रुपयांवर मी दोन वर्षं पत्रव्यवहार केला. ती पत्रं अजून माझ्याकडे आहेत आणि अहवालापेक्षा ती जास्त जाड आहेत. अहवाल साठ पानांचा झाला. त्यात एकही वाक्य असं नाही जे मी तो प्रकल्प न मिळता लिहिलं नसतं.

पुढे सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेत माझी निवड झाली. १८८८ साली बांधलेलं व्हाइसरॉयचं घर, १९६५ पासून ते अभ्यासकांचं झालं. राहायला जागा, उत्तम ग्रंथालय, दोन वर्षांपर्यंतचा काळ, आणि शेवटी एक मोनोग्राफ लिहून द्यायचा. म्हणजे निव्वळ वेळ. मी गेले नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, मुलगी दहावीला होती, आणि माझ्या संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यानं बोलता बोलता सांगितलं की विभागप्रमुखाची खुर्ची दोन वर्षं कुणी रिकामी ठेवत नसतं. ही कारणं खरी होती. आजही मी ती कुणाहीपुढे मांडेन. सासूबाईंची शेवटची वर्षं माझ्या हातून नीट झाली, त्याचं मला समाधान आहे. पण रजेचा अर्जसुद्धा मी केला नाही, हे मात्र खरं आहे. नकार मिळाला असता तर तो त्यांचा असता. न मागितल्यामुळे तो माझा झाला.

बावन्नाव्या वर्षी मी आठ महिने बिनपगारी रजा काढली. भविष्य निर्वाह निधीतून उचल केली. भावानं फोन करून विचारलं, ''घरात सगळं ठीक आहे ना?'' पुण्यात एका मैत्रिणीच्या मागच्या खोलीत राहिले आणि रोज सकाळी पुरालेखागारात जाऊन जुन्या कागदांचे रुमाल सोडून बसले. त्या आठ महिन्यांतून जे पुस्तक निघालं, त्याच्याबद्दलच तुझ्यासारखी मुलं आज मला पत्रं लिहितात. बाकीच्या तीस वर्षांबद्दल कुणी लिहीत नाही. माझा हा हट्ट चुकीचा होता असं अजून वाटत नाही. उशिरा केला, एवढंच.

आणि मला इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांचं उदाहरण देऊ नकोस. 'त्यांना कुठे फेलोशिप होती, दप्तरं शोधत पायी हिंडले ना,' असं तू मागच्या पत्रात लिहिलंयस. अगं, राजवाड्यांना सोळा तास शिकवायचं नव्हतं. त्यांनी सगळं सोडून तो वेळ स्वतः घेतला होता. प्रत्येकानं तसं सोडावं असं म्हणणं क्रूरपणाचं आहे. तुझ्याच भागात दुसरं उदाहरण आहे. १९१६ साली अमळनेरला गिरणीमालक प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं आणि तिथे अभ्यासकांना फेलोशिप दिली. कापसाच्या पैशावर माणसं बसून वेदान्त वाचत होती. साने गुरुजी अमळनेरला आले ते तिथे तत्त्वज्ञान शिकायला, शाळेत शिकवायला लागले ते नंतर. त्याही आधी न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर विद्यावेतनावरचे 'दक्षिणा फेलो' होते. अभ्यासकाला वेळ विकत घेऊन द्यावा लागतो, ही समज आपल्याकडे नवी नाही. मागताना तुला लाजायचं कारण नाही.

आता तुझी यादी. फुलब्राइट-नेहरू चांगली फेलोशिप आहे, पण तुझ्या चोपड्या अमेरिकेत नाहीत. काढून टाक. चार्ल्स वॉलेस ट्रस्ट इंग्लंडमधल्या थोड्या दिवसांच्या अभ्यासाला मदत करतो. लंडनला इंडिया ऑफिसचे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या भारतखात्याचे कागद आहेत आणि तुला ते एक दिवस लागतील, पण आधी मुंबईचे संपव. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दप्तरांच्या कार्यक्रमावर तू हिरवा रंग लावलायस. मोह मला कळतो. मूळ वह्या देशातच राहतात, छायाप्रती जपल्या जातात, काम मोलाचं आहे. पण ते घेतलंस तर पुढचं दीड-दोन वर्षं तू कॅमेरा, माणसं आणि बिलं सांभाळशील. चोपड्या वाचल्या जातील, पण कुणा दुसऱ्याकडून. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएसएसआर) मोठ्या प्रकल्पाचंही तेच. प्रकल्प संचालक म्हणून तुझं नाव लागेल, संशोधन सहायक नेमता येईल, आणि तो तुझ्याऐवजी मोडी वाचणार नाही. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं मात्र वहीगायन या लोककलेवर काम करणाऱ्या तुझ्या त्या सहकाऱ्याला सांग. तिथे प्रस्ताव मराठीतूनही चालतो, आणि इंग्रजीच्या भीतीनं तो बिचारा गप्प बसलाय. तासिका तत्त्वावरच्या तुझ्या मैत्रिणीला संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप दाखव. ती पंचवीस ते चाळीस वयासाठी आहे, दोन वर्षांची, आणि तिच्यासाठी कायम नोकरी असावी लागत नाही. त्या मुलीपुढे तर माझा हा सगळा उपदेश अपुरा आहे, मला ठाऊक आहे. तिला वेळेबरोबर भाकरीही मागावी लागते.

तुझ्यासाठी उरतात दोन. भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेचं (आयसीएचआर) अभ्यास-प्रवास अनुदान, कारण ते छोटं आहे, त्यात नेमकं पुराभिलेखागारात जाऊन बसायचं असतं आणि कागदपत्रं आटोक्यात राहतात. ते उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी. आणि सिमला. हो, सिमलाच. मी गेले नाही म्हणून तुला पाठवते आहे असं तुला वाटेल. वाटू दे. त्यात थोडं खरं असेलही. पण सतरा चोपड्यांचे फोटो घेऊन सलग बसायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

त्याआधी घरचं काम कर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतलं रजेचं प्रकरण वाच. अभ्यास रजा सहायक प्राध्यापकालाही असते. ज्येष्ठांना असते ती सब्बॅटिकल वेगळी. तुझ्या संस्थेचे आणि विद्यापीठाचे नियम काय म्हणतात ते कार्यालयीन अधीक्षकांना भेटून विचार. प्राचार्यांना तोंडी विचारू नकोस. तोंडी विचारलं की तोंडी नकार मिळतो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. लेखी अर्ज दे, आवक क्रमांक घे, तुझ्या प्रतीवर शिक्का मार. तुझ्या रजेत तास कोण घेईल, याचा तक्ताही अर्जासोबत जोड. तो तक्ता नसतो म्हणून निम्मे अर्ज परत येतात. आणि जे काही अनुदान घेशील त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याच्या दाखल्यावर कोण सही करणार, लेखापरीक्षक कोण, हे पहिला हप्ता यायच्या आधी ठरव. रिक्षाचीसुद्धा पावती लिहून घे. सातशे चाळीस रुपये विसरू नकोस.

प्रस्ताव लिहिताना प्रश्न पहिल्या परिच्छेदात मांड, त्याच शब्दांत ज्या शब्दांत तू मला विचारला होतास. मी काही वर्षं एका निवड समितीवर बसले आहे. दोन दिवसांत चाळीस प्रस्ताव वाचायचे असतात. सगळ्यांत 'सर्वांगीण', 'बहुआयामी', 'अंतर्विद्याशाखीय'. मग एखादा असा येतो ज्यात कुणालातरी काहीतरी खरोखर जाणून घ्यायचं असतं, आणि टेबलाभोवतीची माणसं चहा खाली ठेवतात. कार्ययोजनेत 'साहित्याचा आढावा – तीन महिने' असलं काही लिहू नकोस. जून ते सप्टेंबर, चोपड्या एक ते सहा, असं लिही. वेळ मागतेस तर तो कुठे जाणार हेही दाखव.

बाकीच्या सत्तावीस ओळी पुसून टाक. त्या तू ठेवल्यास ते मला आवडणार नाही, आणि हे मी प्रेमानं सांगते आहे.

तू पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. चौथ्या ओळीत, ज्वारीच्या नोंदीपुढे, तू 'सवाई' वाचलंयस. सुरुवातीचं अक्षर कसरीनं खाल्लंय, त्यामुळे तुझी चूक म्हणत नाही. पण उरलेल्या भागावरून मला ते 'दिढी' वाटतं. सव्वापट आणि दीडपट यांत त्या कुळाचं अख्खं वर्ष येतं. मूळ पान उन्हाकडे तिरपं धरून, भिंगाखाली पुन्हा बघ आणि मला कळव. शक्यतो रविवारच्या आत.

तुझी,
मॅडम