कुपी किती वाजता उघडली, ते विचारा
वाचकांचे प्रश्न : गोवर आणि त्याची लस

गोवराच्या लसीबद्दल या वेळी बरीच पत्रे आली. निम्म्याहून अधिक पत्रांत घरातल्या वादाचा उल्लेख आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी सगळ्यांनाच गोवर निघायचा, आठ दिवसांत उतरायचा. त्यासाठी सुई कशाला?’ त्यांना काय सांगू? (बार्शी)

उत्तर : बहुतेक मुलांचा गोवर आठ-दहा दिवसांत उतरतो, इथपर्यंत सासूबाईंचे बरोबर आहे. मात्र ‘आमच्या वेळी’ची गोष्ट सांगायला जगलेलीच मुले उरतात. गोवरात मूल दगावते ते सहसा पुरळामुळे नव्हे, तर मागोमाग येणाऱ्या न्यूमोनियाने किंवा जुलाबाने. हा विषाणू शरीराची जुनी प्रतिकारशक्तीही पुसतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचे रक्त गोवरापूर्वी आणि नंतर तपासले, तेव्हा इतर आजारांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली (हा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला). गोवर उतरल्यावरही मूल कित्येक महिने ‘सारखे आजारी’ असते, त्याचे कारण हे. क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत विषाणू दबा धरून राहतो आणि सात-दहा वर्षांनी मेंदू निकामी करू लागतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही.

गोवराइतका पसरणारा आजार शोधून सापडणार नाही. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. कुणालाच संरक्षण नसेल, तर एका रोग्यापासून 12 ते 18 जणांना लागण होते. म्हणून वस्तीतल्या शंभरापैकी 95 जणांना तरी संरक्षण हवे. 80 पुरत नाहीत.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतोय की गोवराच्या लसीने बाळे दगावली. खोटे आहे का? (मालेगाव, बीड, वाशी)

उत्तर : तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओबद्दल सांगता येणार नाही, पण अशा घटना घडल्या आहेत. त्या का घडल्या, हे समजून घेणे ‘सगळे खोटे आहे’ म्हणण्यापेक्षा जास्त उपयोगाचे.

ही लस कुपीत कोरड्या पावडरीच्या रूपात येते. टोचण्याआधी तिच्यासोबत आलेले द्रावण घालून ती विरघळवावी लागते. इथे दोन चुका होऊ शकतात. पहिली, द्रावणाऐवजी दुसरेच औषध घालणे. जुलै 2018 मध्ये पॅसिफिकमधल्या सामोआ देशात परिचारिकांनी पावडरीत चुकून स्नायू शिथिल करणारे भुलीचे औषध मिसळले आणि दोन बाळे काही मिनिटांत गेली. दुसरी चूक, विरघळवलेली लस ठेवून देणे. या लसीत जंतू मारणारे औषध नसते, त्यामुळे आत शिरलेले जंतू वाढत राहतात. दक्षिण सुदानमध्ये 2017 च्या मोहिमेत लस विरघळवायला चार दिवस एकच सिरिंज वापरली गेली, लस थंडही ठेवली नाही. 15 बालके गेली.

सामोआची गोष्ट तिथे संपली नाही. लसीकरण कित्येक महिने थांबले, लोकांचा विश्वास उडाला, आणि 2019 च्या शेवटी गोवराची साथ आली. दोन लाख वस्तीच्या देशात 5,700 हून अधिक रुग्ण आणि 83 मृत्यू, त्यातले बहुतेक पाच वर्षांखालचे. डिसेंबरात सरकारने दोन दिवस देश बंद ठेवला. ज्या घरात लस न घेतलेले कुणी आहे, त्या घराबाहेर लाल कापड बांधायला सांगितले आणि पथके दारोदार फिरली. पहिली दोन बाळे हातून झालेल्या चुकीने गेली, नंतरची 83 माणसे लस न मिळाल्याने.

म्हणून लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंना जरूर विचारा, ‘कुपी किती वाजता उघडली?’ ती वेळ कुपीवर लिहिलेली असते. चार तास उलटले की उरलेली लस फेकायची, मग पाच-सहा डोस शिल्लक का असेनात. कुपीवर गोल असतो, त्यात एक चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर ती लस उष्णतेने खराब झाली. सिरिंज तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली हवी. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तीव्र ॲलर्जी साधारण दहा लाखांत एखाद्याला येते, पण आलीच तर पहिल्या काही मिनिटांत, आणि तिचे औषध केंद्रात असते. कुणी म्हणेल, ‘ताई, एवढे विचारायचे नसते.’ विचारायचे असते. चांगल्या नर्सला त्याचा राग येत नाही.

प्रश्न : नऊ महिन्यांच्या बाळाला एकाच दिवशी इतक्या सुया? आणि ताप आला तर किती औषध द्यायचे? (कुडाळ)

उत्तर : नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा (गोवर आणि रुबेला हा दुसरा पुरळाचा आजार, दोघांची एकत्र लस) पहिला डोस उजव्या दंडावर, कातडीखाली, अर्धा मिलिलिटर. सोबत न्यूमोकोकलचा (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या लसीचा) बूस्टर, पोलिओचे इंजेक्शन आणि तोंडाने अ जीवनसत्त्वाचे 1 मिलिलिटर म्हणजे एक लाख युनिट. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत. गोवराच्या लसीसारख्या जिवंत विषाणूच्या दोन लसी एकाच दिवशी टोचल्या तर चालतात. एक दिली आणि दुसरी राहिली, तर मात्र चार आठवडे थांबावे लागते. सुया वेगवेगळ्या दिवशी वाटून घेण्याच्या नादात डोस बुडतात, हे आम्ही वारंवार पाहतो.

ताप कधी आला याकडे लक्ष द्या. त्याच रात्री आला, तर तो बहुधा सोबतच्या लसीचा. गोवराच्या लसीचा ताप सहाव्या ते बाराव्या दिवशी येतो, शंभरात 5 ते 15 मुलांना, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. काहींना फिकट पुरळही उठते. त्याची लागण इतरांना होत नाही. तापात आकडी येण्याचे प्रमाण सुमारे तीन हजारांत एक. घाबरवणारा प्रकार, पण त्याने मेंदूला इजा होत नाही.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचे : एका किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आठ किलोच्या बाळाला 80 ते 120 मिलिग्रॅम. गडबड होते ती बाटलीमुळे. एका सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असतात, दुसऱ्यात 250, आणि ड्रॉप्सच्या अवघ्या 1 मिलिलिटरमध्ये 100. ‘एक चमचा’ म्हणून ड्रॉप्स पाजले तर पाचपट औषध जाते. लेबल वाचा आणि बाटलीसोबतच्या मापानेच द्या.

प्रश्न : शेजारी दोन मुलांना गोवर निघालाय. आमचे बाळ सात महिन्यांचे. नऊ महिने होईपर्यंत थांबायचे? (भिवंडी)

उत्तर : आजच आशाताईंना कळवा. नऊ महिन्यांपर्यंत थांबण्याचे कारण असे की आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात. नऊ महिन्यांनाही लस 85 टक्केच काम करते, दुसरा डोस त्यासाठीच. पण साथीत हा हिशेब बदलतो. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडी आणि आसपास, तसेच तुमच्या भिवंडीत आणि मालेगावात साथ आली, तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देण्याचे ठरले. त्याला ‘झिरो डोस’ म्हणतात, कारण तो मोजायचा नाही. नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा डोस तरीही घ्यायचाच. तुमच्या भागात तो सुरू आहे का, ते आरोग्य केंद्र सांगेल.

प्रश्न : मुलाला गोवर निघालाच आहे. आजी अंघोळ, तेल-तिखट, दूध सगळे बंद करा म्हणते, पांघरूण घालून ‘पूर्ण बाहेर पडू द्या’ म्हणते. (वाचक, जि. नंदुरबार)

उत्तर : ‘गोवर आत गेला तर वाईट’ हे जुन्या बायकांचे निरीक्षण चुकीचे नाही. पुरळ उठते ते शरीर विषाणूशी झगडत असते म्हणून. कुपोषित मुलाची झगडण्याची ताकद कमी, म्हणून पुरळही फिके, आणि असे मूल खरेच लवकर बिघडते. उपाय मात्र उलटा आहे. पांघरुणाने पुरळ वाढत नाही, ताप वाढतो. पथ्याने मूल आणखी खंगते. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायला हरकत नाही, पण वाटून पाजू नका.

कोमट पाण्याने अंग पुसा किंवा अंघोळ घाला. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा, काजळ किंवा कसलाही रस नको. अंगावरचे दूध सुरू ठेवा. वरणभात, खिचडी, केळे थोडे थोडे द्या, जुलाब असतील तर ओआरएस. पुरळ उठल्यापासून चार दिवस इतर मुलांपासून वेगळे ठेवा.

सर्वांत महत्त्वाचे अ जीवनसत्त्व. ते डॉक्टरांनी दोन डोसांत द्यायचे, आज एक आणि उद्या एक : सहा महिन्यांखाली 50 हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांत एक लाख, एक वर्षापासून पुढे दोन लाख. डोळ्यांवर परिणाम दिसत असेल, तर दोन ते चार आठवड्यांनी तिसरा. याने अंधत्व आणि मृत्यू दोन्ही टळतात, गोवर टळत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये 2025 च्या साथीत काही पालक लसीऐवजी अ जीवनसत्त्व पाजत बसले आणि मुलांच्या यकृतावर ताण आला. घरी बाटली आणून देऊ नका.

दवाखान्यात तातडीने कधी न्यायचे? मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक वर्षाखाली 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, तर वाट पाहू नका. पीत नसेल, आकडी आली, गुंगीत असेल किंवा बुबुळ पांढुरके दिसत असेल, तरीही.

प्रश्न : लसीने ऑटिझम होतो का? (पुणे)

उत्तर : नाही. 1998 साली लंडनमध्ये 12 मुलांवर लिहिलेल्या लेखातून हा संशय पसरला. नियतकालिकाने तो लेख 2010 मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवाना गेला. 2019 मध्ये डेन्मार्कच्या 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक नव्हता. मूल बोलत नाही हे दीड वर्षाच्या सुमारास ध्यानात येते आणि दुसरा डोसही त्याच वयात असतो. एवढाच काय तो संबंध.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. बाळ आठ महिन्यांचे, पुढच्या महिन्यात सांगलीला येतोय. (ईमेलने)

उत्तर : तिथे पहिला डोस 12 ते 15 महिन्यांत असला, तरी परदेश प्रवासाला निघालेल्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला आधी एक डोस देण्याची तिथलीच शिफारस आहे. निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे तो घ्या. पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस तिथे मोजत नाहीत. भारतात नववा महिना भरल्यावर घेतलेलाही मोजणार नाहीत. परतल्यावर दोन डोस नव्याने लागतील.

प्रश्न : सर्दी आहे, अंड्याची ॲलर्जी आहे, कार्ड हरवले आहे. लस द्यावी का? (अनेक वाचक)

उत्तर : सर्दी, किरकोळ जुलाब, अँटिबायोटिक सुरू असणे, अंड्याची ॲलर्जी : द्यावी. कर्करोगाचे उपचार, दीर्घकाळ जास्त मात्रेचे स्टेरॉइड, आधीच्या डोसला तीव्र ॲलर्जी : देऊ नये, डॉक्टरांशी बोलावे. अलीकडे रक्त चढवले असेल तर काही महिने थांबावे लागते. गर्भवतीला ही लस देत नाहीत.

कार्ड हरवले असेल तर उपकेंद्राच्या नोंदवहीत पाहा. नोंद सापडलीच नाही, तर डोस झाला नाही असे धरून द्यावा. जादा डोसाने नुकसान होत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या राहिलेल्या मुलाला सरकारी केंद्रात दोन्ही डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने मोफत मिळतात.